एवढ्या खोलात कशाला?

म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? बैलाचं तोंड उघडून दात बघतो. विकणारा सांगत असतो, "चार दाती आहे, घ्या डोळे झाकून." घेणारा मान हलवतो आणि डोळे उघडे ठेवून दात मोजतो. मग खूर, मग खांदा, मग चार पावलं चालवून बघतो. उपरण्याखाली बोटं धरून भावाची बोली त्यानंतर. आमचे आजोबा शाळेची पायरी फारशी चढले नव्हते, पण "दात बघायला कशाला हवेत, व्यापारी सांगतोय ना" असं त्यांना कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला परत बाजारात सोबत नेलं नसतं.

हे आठवायचं कारण म्हणजे यंदा पौष पौर्णिमेला जत्रेसाठी घरी गेलो होतो तेव्हा ओटीवर घडलेला एक प्रकार. तो आज लिहून टाकतो, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही. इथं नेहमी येणाऱ्यांपैकी निम्मे प्रोग्रॅमर आहेत आणि निम्मे माझे नातेवाईक. प्रोग्रॅमर मंडळींनी सोप्या भागाचा कंटाळा करू नये आणि नातेवाईकांनी अवघड भाग आला म्हणून पळून जाऊ नये. आज दोघांशीही भांडायचं आहे.

माझा भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट त्याने स्वतःच्या डोक्याने निवडला. भात काढल्यावर आपल्याकडे शेतात वाल लावतात आणि तो जमिनीत उरलेल्या ओलीवरच येतो, तर त्या ओलीचं मोजमाप ठेवायचं. दर मिनिटाला एक आकडा, प्रत्येक आकड्याला २ बाइट, म्हणजे दिवसाचे १४४० आकडे आणि २८८० बाइट. पठ्ठ्याने विचार केला की लिनक्समध्ये मेमरीचं एक पान ४०९६ बाइटचं असतं, तर एका दिवसाला एक पान देऊ, उरलेली जागा मोकळी राहू दे. पहिला दिवस शून्यापासून, दुसरा ४०९६ पासून, तिसरा ८१९२ पासून. फाइलमधला हवा तो दिवस थेट मेमरीत जोडून घ्यायचा. यासाठी लिनक्समध्ये एममॅप नावाची सोय आहे. सुटसुटीत रचना आहे, मी त्याच्या वयात एवढा विचार केला नसता.

त्याच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम झकास चालला. मग त्याने पैसे साठवून रास्पबेरी पाय ५ घेतला, २०२३ साली बाजारात आलेला तो तळहाताएवढा संगणक. त्यावर तोच प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला आणि गंमत सुरू झाली. पहिल्या दिवशी चालला. दुसऱ्या दिवशी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी काहीही न बदलता पुन्हा व्यवस्थित! सहाव्याला परत मेला.

आता सल्ले ऐका. भावोजी म्हणाले, "व्होल्टेज. आपल्याकडची लाइट म्हणजे काय ते तुला माहीत नाही का?" म्हणून नवा अडॅप्टर आला. मित्र म्हणाला, "मेमरी कार्ड डुप्लिकेट असणार." म्हणून नवं कार्ड आलं. हल्ली सगळे विचारतात तसं यानेही एआयला विचारलं. त्याने आठ शक्यतांची शिस्तशीर यादी दिली. यादी चुकीची नव्हती, खरं कारणही तिच्या पोटात कुठेतरी होतं. पण आठ शक्यतांची यादी म्हणजे पुरावा नव्हे, आणि पोराने यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी वाचल्या... व्होल्टेज आणि कार्ड. अंदाज फुकट असतो असं आपल्याला वाटतं. या घराला तो दोन हजारांच्या आसपास पडला.

शेवटी प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांनी रामबाण उपाय सांगितला. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकायची, "कर्नल=कर्नल८.आयएमजी". टाकली, आणि खरंच चालायला लागलं! पोराने विचारलं, "सर, पण का चाललं?" उत्तर मिळालं, "एवढ्या खोलात कशाला जातोस? सबमिशन कर."

मी पोचलो तेव्हा प्रोजेक्ट चालू होता आणि पोरगं बंद पडलं होतं. "मामा, मला नाही जमणार हे. का बंद पडलं कळलं नाही आणि का चाललं तेही कळलं नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत कुठेतरी लागतो." एमआयडीसीत काम करण्यात कमीपणा काहीच नाही, आमच्या अर्ध्या गावाची चूल त्यावर पेटते. पण "मला कळत नाही" असं स्वतःबद्दल चुकीचं मत घेऊन कुठेही जाणं वाईट. मी म्हटलं, ती ओळ काढ आणि पुन्हा पाड.

प्रोग्रॅम पाडला, पण या वेळी जीडीबीच्या आत चालवून. जीडीबी म्हणजे डीबगर, चालता प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून त्याची झडती घेणारं साधन. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतलं, फुकट मिळतं, आणि चालायला इंटरनेट लागत नाही (जत्रेच्या गर्दीत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा हा गुण मोठा!). प्रोग्रॅम मेल्याबरोबर जीडीबीने त्याला तिथेच धरून ठेवलं. एममॅपने दिलेला पत्ता बघितला तर उणे एक. म्हणजे एममॅपने सरळ नकार दिला होता आणि आमच्या चिरंजीवांनी तो न तपासता त्याच पत्त्यावर वाचायला सुरुवात केली होती. ही त्याची चूक, ती त्याच्या पदरात घातली. पण नकार का? इथे मी त्याला एक आज्ञा टाइप करायला लावली, "इन्फो ऑक्सव्ही". (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं.)

पडद्यावर वीसेक ओळींचा तक्ता आला. हाच तो ऑक्झिलरी व्हेक्टर.

नातेवाईकांसाठी सांगतो. सातबारा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. खातेदाराचं नाव, गट नंबर आणि क्षेत्र सगळे वाचतात. पण जाणता माणूस आधी "इतर हक्क" बघतो. बोजा आहे का, कुळाची जमीन आहे का, विकायला परवानगी लागते का, हे सगळं तिथे असतं. प्रोग्रॅमचंही तसंच आहे. लिनक्सचा कर्नल एखादा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा त्याच्या स्टॅकच्या टोकाशी काही गोष्टी मांडून ठेवतो. आधी तुम्ही दिलेले आर्ग्युमेंट, मग एन्व्हायर्नमेंट, आणि त्यानंतर हा तक्ता. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या पुस्तकांत असतात. तिसरी कोणी वाचत नाही.

तक्त्यात जोड्या असतात. एक क्रमांक आणि एक किंमत, एक क्रमांक आणि एक किंमत, शेवटी शून्य आलं की संपलं. क्रमांक ३ सांगतो की प्रोग्रॅमचे हेडर मेमरीत कुठे आहेत. ७ सांगतो डायनॅमिक लिंकर कुठे बसवला आहे. ९ सांगतो प्रोग्रॅमची पहिली सूचना कुठे आहे. ११ ते १४ मध्ये तो चालवणारा कोण आणि कोणाच्या अधिकाराने, हे असतं. १६ मध्ये प्रोसेसरला काय काय येतं त्याच्या खुणा. २३ सांगतो की हा प्रोग्रॅम वाढीव अधिकाराने चालला आहे का, म्हणजे त्याने बाहेरून आलेल्या एन्व्हायर्नमेंटवर विश्वास कमी ठेवावा. २५ मध्ये पत्ता असतो १६ यादृच्छिक बाइटचा. स्टॅकवर कोणी घुसखोरी केली तर ओळखू यावं म्हणून जी खूण ठेवतात ती त्यांतून बनते. एकही ओळ शोभेची नाही. तुमचा प्रोग्रॅम पहिली सूचना चालवायच्या आधी लिंकरने यांतल्या कित्येक वाचलेल्या असतात.

आणि क्रमांक ६. एटी_पेजएसझेड, सिस्टिमच्या पानाचा आकार. मी काही बोललो नाही. पोराने बोट पडद्यावर ठेवलं आणि वाचलं, "१६३८४."

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चार पट." मग बोटं मोजली. "शून्य चालतं. ४०९६, ८१९२, १२२८८ नाही चालत. १६३८४ चालतं. मामा, पाचवा दिवस!"

एवढंच होतं. एममॅपला फाइलमधली सुरुवातीची जागा पानाच्या पटीतच लागते. लॅपटॉपवर पान ४०९६ चं, म्हणून प्रत्येक दिवस पटीत. पाय ५ वर ६४ बिटांचं रास्पबेरी पाय ओएस मुळात १६३८४ च्या पानांचा कर्नल घेऊन येतं, म्हणून पहिला, पाचवा, नववा दिवस तेवढे जिवंत. आणि ती रामबाण ओळ? ती फक्त ४०९६ च्या पानांचा दुसरा कर्नल लावते. म्हणजे बैलाच्या मानेला जू बसेना म्हणून बैलच बदलला, जू तसंच!

आता भांडणाकडे येतो.

"एवढ्या खोलात कशाला" हे वाक्य आपल्याकडे काळजीच्या सुरात म्हटलं जातं, म्हणून त्याच्यावर कोणी चिडत नाही. मी चिडतो. कारण ते बहुतेक वेळा ज्याला स्वतःला ठाऊक नाही तो बोलतो, आणि ज्याला ठाऊक करून घ्यायचं आहे त्याला बोलतो. "मला माहीत नाही, आपण दोघं बघू" हे म्हणायला जड जातं, म्हणून विचारणाऱ्यालाच आगाऊ ठरवायचं. भाच्याला "पेज म्हणजे काय" याची व्याख्या पाठ होती. "साधारणतः ४०९६ बाइट" हेही पाठ होतं, तेवढ्याला परीक्षेत गुण मिळतात. यंत्राला विचारता येतं, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपण पोरांना उत्तरं देतो आणि विचारायची जागा लपवतो.

आणि "खोल" म्हणजे तरी किती? एक आज्ञा, वीस ओळी, त्यांतली एक वाचायची. भावोजी मुरबाडला जाऊन अडॅप्टर घेऊन आले त्याच्या शतांश वेळ. खोल पाण्याची भीती घालणाऱ्याने पाय तरी बुडवून बघितलेला असावा.

दुसरी बाजूही मांडतो, कारण माझे काही मित्र मोठ्या टीमा सांभाळतात आणि ते प्रतिक्रिया देणारच. ते म्हणतील, प्रत्येकाने कर्नलपर्यंत जायचं ठरवलं तर काम कधी होणार? लायब्ररी आणि फ्रेमवर्क कशासाठी आहेत? आधी चालू करा, कारण नंतर शोधा. यातलं शेवटचं मला मान्य आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला तर मीही आधी ती ओळ टाकून मोकळा होईन. पण "नंतर" या शब्दाला काही अर्थ आहे की नाही? ओळ टाकल्यावर कारण शोधायची वेळ येते. आपल्याकडे ओळ टाकल्यावर फाइल बंद होते. रोज कोणी ऑक्झिलरी व्हेक्टर वाचावा असं मी म्हणत नाही. बैल रोज कुठे विकत घेतो आपण? पण घेऊ त्या दिवशी दात बघता आले पाहिजेत.

शिवाय हा प्रश्न एका पोराच्या प्रोजेक्टपुरता नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये पान १६३८४ बाइटचंच असतं. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून मोबाइललाही १६ केबीच्या पानांची सोय झाली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीसाठीच्या नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना ती पानं चाललीच पाहिजेत अशी अट घातली. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांतल्या भरपूर पगाराच्या मंडळींनीही कुठेतरी ४०९६ गृहीत धरून ठेवलंच होतं. म्हशाच्या ओटीवरच्या पोराची चूक जगात एकट्याची नव्हती. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

डीबगरच कशाला, असंही कोणी विचारेल. एलडी_शो_ऑक्सव्ही=१ असं एन्व्हायर्नमेंटमध्ये देऊन बहुतेक प्रोग्रॅम चालवले तरी हा तक्ता छापून येतो, हे खरं आहे. पण डीबगरमध्ये मेलेला प्रोग्रॅम आणि त्याचा तक्ता समोरासमोर असतात. उणे एक पत्ता इथे, मागितलेली ४०९६ ही जागा इथे, आणि पान १६३८४ चं इथे. तिन्ही आकडे एका पडद्यावर आल्यावर वाद संपतो. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या यंत्रावर मेला असेल आणि तुमच्याकडे फक्त कोअर फाइल असेल, तरी तीच आज्ञा चालते, कारण कोअर फाइलमध्ये हा तक्ता जपलेला असतो. चालत्या प्रोग्रॅमने स्वतःच्या स्टॅकवरची प्रत खराब केली, तरी कर्नलने आपल्याकडे एक प्रत ठेवलेली असते आणि प्रॉकमधून तीच वाचायला मिळते. सातबारा फाटला तरी तलाठ्याकडे नोंद असते, तसं.

मात्र नोंद वाचणं म्हणजे नोंदीवर आंधळा विश्वास नव्हे, हेही त्याला त्याच तक्त्यात दाखवलं. क्रमांक १७ मध्ये घड्याळाच्या ठोक्यांचा वेग १०० दिसतो. कर्नल आतमध्ये २५० ने ठोके मोजत असला तरी प्रोग्रॅमला सांगायचा आकडा १००. खोटं नाही, ठरलेला करार आहे. पण तो करार कशाबद्दल आहे हे माहीत नसेल तर माणूस चुकीचा निष्कर्ष काढेल. सातबारा महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम दाखला नाही, हे जसं गावात काहींना ठेच लागल्यावर कळलं, तसंच.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची होती. प्रोग्रॅम सुरू होताना पानाचा आकार विचारायचा. त्यासाठी सिसकॉन्फ आहे, किंवा जीलिबसीच्या २०१२ मधल्या २.१६ आवृत्तीपासून गेटऑक्सव्हॅल आहे, जे थेट या तक्त्यातूनच उत्तर देतं. मग मागितलेली जागा पानाच्या मागच्या सीमेपर्यंत खाली आणायची, तिथून जोडायचं आणि उरलेले बाइट पुढे चालत जायचं. आणि एममॅपचा नकार तपासायचा! सगळं त्याने स्वतः लिहिलं, मी चहा पीत बसलो होतो. रामबाण ओळ काढून टाकलेलीच होती. दुसरा दिवस चालला, तिसरा, चौथा, सगळे. तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवरही चालला.

भावोजींना मी म्हटलं, व्होल्टेजचा काही दोष नव्हता. ते म्हणाले, "मग दोष कोणाचा?" भाच्यानेच उत्तर दिलं, "माझा. मी विचारलं नव्हतं." मला ते अर्धंच पटलं. त्याने विचारलं होतं, "का चाललं" असं. उत्तर देणाऱ्यांनी दार लावून घेतलं होतं.

म्हणून सगळ्यांना, विशेषतः शिकवणाऱ्यांना आणि घरातल्या मोठ्यांना, हात जोडून एक विनंती. पोरगं "का" म्हणालं आणि तुम्हाला उत्तर येत नसेल, तर "येत नाही" म्हणा. त्यात लाज नाही. पण "एवढ्या खोलात कशाला" म्हणू नका. गावातल्या पोराकडे बऱ्याचदा महागडा क्लास नसतो, ओळखीचा सीनियर नसतो, रेंजही नसते. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि ते एक "का" असतं. तेही काढून घेतलं तर उरतं काय?

असो. दुसऱ्या दिवशी दोघं बाजारात गेलो. बैल घ्यायचा नव्हता, आईसाठी घोंगडी घ्यायची होती. विकणारा म्हणाला, "अस्सल लोकर आहे, बघायची गरज नाही." भाच्याने घोंगडीचं एक टोक उलटं केलं, उजेडाकडे धरलं आणि धागा बोटांत चुरून बघायला लागला.

मी काही बोललो नाही.